मैनावती पाळणे हिची जमीन

आमच्या निंबाळखेडमध्ये ज्याच्याकडे रहिवासी दाखला नाही, त्याचे पाय बारावीचा निकाल लागला की जमिनीपासून वीतभर वर उचलले जातात. शाळेत असेपर्यंत असं काही होत नाही, कारण शाळेचा बोनाफाईड दाखला मुलाला खाली धरून ठेवतो. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की मग धरायला कोणी उरत नाही आणि मूल वर जातं. दरवर्षी दोन-चार जातात. कोणी वीटभट्टीवरचं असतं, कोणी रस्त्याच्या कामावर आलेल्यांचं. आईबाप शाळेतच न गेलेले, म्हणून ते खालीच राहतात; ते त्यांच्या कमरेला दोरी बांधतात आणि त्यांना घेऊन शिवेबाहेर जातात. पुढे त्यांचं काय होतं, याची आमच्याकडे नोंद नाही.

मी रणपिसे बाई. इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. ऱ्हस्व-दीर्घ चुकवणाऱ्याला मी पास करते, पण त्याच्याशी बोलत नाही. माझी जीभ तिखट आहे असं स्टाफरूममध्ये म्हणतात. माझ्यासमोर म्हणत नाहीत, एवढंच.

यंदा आमच्या कॉलेजातून मैना पहिली आली. आमच्या कॉलेजातूनच कशाला, अख्ख्या तालुक्यातून. पूर्ण नाव मैनावती दगडू पाळणे. पाळणे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. तिचे वडील दगडूभाऊ जत्रेत आकाशपाळणा लावायचे. मैना लहान असताना आमच्या जत्रेत त्यांचा पाळणा मोडला. दुरुस्त होईपर्यंत थांबतो म्हणाले आणि मैदानाच्या कडेला पाल ठोकून राहिले. पोरीला शाळेत घालायला आले तेव्हा तेव्हाच्या हेडमास्तरांनी विचारलं, ‘आडनाव?’ दगडूभाऊंना वाटलं धंदा विचारतायत. ते म्हणाले, ‘पाळणे.’ झालं. मैनाला आई नव्हती, जन्माची नोंद नव्हती, पण आडनाव मात्र असं मिळालं की हजेरी घेताना पहिले दोन दिवस वर्ग हसायचा. तिसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही, कारण मी वर्गात होते.

निकालाच्या दिवशी दाखला मीच तिच्या हातात दिला. ती नमस्काराला वाकली. पण वाकता वाकता वर गेली, त्यामुळे तिचे हात माझ्या गुडघ्यापर्यंतच पोचले. ती तशीच दोन क्षण थांबली. मग म्हणाली, ‘बाई, इथूनच घ्या.’

‘घेतला,’ मी म्हटलं. मला रडू आलं होतं, पण मागे रांगेत सगळी कॉमर्सची मुलं उभी होती.

गाव ते गावच. संध्याकाळपर्यंत चौकात सुरू झालं की पाळणेवाल्याची पोर पहिली काय आली, तिचे पाय आता जमिनीवर नाहीत. किराणावाला मला ऐकवतो, ‘बाई, जरा समजवा तिला. एवढं हवेत जाऊ नये माणसानं.’ मी म्हटलं, ‘तिला दाखला नाही म्हणून ती वर आहे. तुम्हाला काय झालंय?’ तेव्हापासून तो मला साखर मोजून देतो, गप्पा मारत नाही.

आता मुद्दा असा की मैनाला जिल्ह्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला जागा लागली होती. गुणांवर लागली होती, कोणाच्या उपकाराने नव्हे. पण पडताळणीच्या दिवशी उमेदवार दोन्ही पायांवर जमिनीवर उभा असला पाहिजे, अशी अट होती. अधांतरी उमेदवार घेतला तर त्याला बाक किती उंचीवर लावायचा, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो काही अगदीच चुकीचा नव्हता. त्या दिवसापर्यंत मैना खाली आली नाही, तर जागा पुढच्या मुलाला जाणार होती.

म्हणून मी, मैना आणि दगडूभाऊ तहसील कचेरीत गेलो. मैनाचा एक हात मी धरला होता, दुसरा त्यांनी.

नायब तहसीलदार चिंचणीकर साहेब हे अतिशय सभ्य गृहस्थ. आम्ही आत गेल्या गेल्या त्यांनी मैनाकडे पाहिलं आणि शिपायाला म्हणाले, ‘पंखा बंद करा. मुलगी हलते आहे.’ मग आम्हाला बसायला सांगितलं. मैना खुर्चीच्या थोडी वर बसली.

‘साहेब,’ मी म्हटलं, ‘बारावी झाल्यावर अशा मुलांना काही मार्ग आहे की नाही?’

‘आहे ना, बाई. शासनाने कोणालाही वाऱ्यावर सोडलेलं नाही.’ त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. ‘सर्वांत सोपा मार्ग लग्न. रहिवाशाशी लग्न लागलं की मुलगी सासरच्या दारात आपोआप खाली येते. माप ओलांडायच्या आधीच येते, असा अनुभव आहे.’

‘मला कॉलेजला जायचंय, साहेब,’ मैना म्हणाली.

‘मग तो मार्ग तुमच्यासाठी नाही,’ ते म्हणाले. त्यांनी जराही वाईट वाटून घेतलं नाही. ‘दुसरा, इथे सलग राहिल्याचा पुरावा.’

‘बालवाडीपासून इथे राहते ती. माझ्या डोळ्यासमोर वाढली.’

‘राहत नाहीत, बाई. थांबल्यात. पाळणा दुरुस्त होईपर्यंत थांबतो, असं यांच्या वडिलांनी ग्रामपंचायतीत सांगितलेलं आहे. थांबणं वेगळं आणि राहणं वेगळं.’

दगडूभाऊ म्हणाले, ‘साहेब, थांबता थांबताच राह्यलो की.’

‘कोणत्या तारखेपासून?’

दगडूभाऊ विचारात पडले. प्रामाणिक माणूस. त्यांनी खरंच आठवून पाहिलं. थांबणं कधी संपलं आणि राहणं कधी सुरू झालं, ते त्यांना सांगता येईना. ‘तसं ध्यानात न्हाई ठिवलं,’ ते म्हणाले. साहेबांनी मान हलवली आणि पान उलटलं.

‘मग राहतो नियम अकरा. हा फारसा कोणी वापरत नाही.’ त्यांनी पुस्तक माझ्यापुढे फिरवलं. ‘वाचा.’

मी वाचलं. अर्जदारास गावातील कोणत्याही दोन रहिवाशांनी जमीन राहावे.

मी पुन्हा वाचलं. आयुष्य गेलं माझं वह्या तपासण्यात. ‘ज’चा काना गळला होता. लिहिणाऱ्याला ‘जामीन’ म्हणायचं होतं आणि छापलं होतं ‘जमीन’. माझा हात आपोआप पर्समधल्या लाल पेनाकडे गेला.

चिंचणीकर साहेबांचं लक्ष होतं. ‘बाई, तुम्ही मराठीच्या,’ ते म्हणाले. ‘काही लोकांचं म्हणणं आहे की इथे जामीन हवं. तसं असेल तर मग रक्ताचा नातेवाईक लागेल आणि तोही इथला रहिवासी. परक्याचा जामीन शासन धरत नाही. तुम्ही सांगाल ते मी ग्राह्य धरतो. शब्द शुद्ध आहे का?’

मैनाचं इथे रक्ताचं कोण होतं? बाप, आणि तो स्वतःच थांबलेला.

मी पेन सोडलं. ‘शुद्ध आहे,’ मी म्हटलं. ‘छापलंय तेच बरोबर.’

असं मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. मला लाज वाटली नाही, उलट छान वाटलं.

‘उत्तम,’ साहेब म्हणाले. ‘मग अर्जदाराला ज्यांच्यावर उभं राहता येईल असे दोन रहिवासी आणा. एका पायाला एक.’

‘आजवर कोणी असं जमीन राहिलंय?’

‘कोणी अर्जच केला नाही. लोक वाचतच नाहीत हो.’

एका पायाला मी होते. दुसऱ्या पायाचा प्रश्न मी घरी गेल्यावर सोडवला. आमचे हे, म्हणजे भास्करराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून बहुतेक आडवेच असतात. मी त्यांच्या पलंगाशी जाऊन उभी राहिले.

‘तुम्हाला जमीन राहायचंय,’ मी म्हटलं.

‘म्हणजे काय करायचं?’

‘काही नाही. पडून राहायचं.’

‘एवढंच ना?’ म्हणून त्यांनी कूस बदलली. मग पुन्हा इकडे वळले. ‘आणि उद्या कोणी अतिक्रमण केलं तर?’

‘तुमच्यावर कोण करतंय?’

‘चेष्टा नको. मी खात्यात होतो, मला माहीत आहे. जमीन म्हटली की मागे काय काय लागतं. मोजणी येते, हद्दी येतात, भाऊबंद येतात.’ ते उठून बसले. हे उठून बसले म्हणजे प्रकरण गंभीर असतं. ‘मला एक सांग. पोरगी हुशार आहे, कबूल. पण आपली कोण लागते ती?’

मी काहीतरी टाकून बोलणार होते, पण नाही बोलले. म्हटलं, ‘कोणी लागत नाही. एवढी वर्षं मी शिकवते आहे, हो. सगळे म्हणतात बाई चांगलं शिकवतात. मैना वर्गात हात वर करायची, तेव्हा मला स्वतःलाच वाटायचं की हो, शिकवते मी चांगलं. मला अभिमान आहे तिचा. तो मला नुसता तोंडाने नाही सांगायचा.’

यांनी पलंगावरून पाय खाली सोडले. मग म्हणाले, ‘उजवा पाय घेऊ की डावा?’

‘डावा घ्या. उजवा माझा.’

‘का? तुझाच का उजवा?’

यावरून आमचं रात्री जेवेपर्यंत वाजलं. शेवटी उजवा मलाच मिळाला.

कचेरीत आमच्यासाठी मधल्या दालनातली टेबलं सरकवून ठेवली होती. चिंचणीकर साहेबांनी सतरंजी घालू दिली नाही, कारण जमिनीवर सतरंजी असेल तर अर्जदार सतरंजीवर उभा राहिला असं होतं. आम्ही दोघं फरशीवर शेजारी शेजारी आडवे झालो. मी पालथी झाले होते. साहेब म्हणाले, ‘बाई, सुपीक बाजू वर येऊ द्या.’ मग मी उताणी झाले.

त्यांनी स्वतः टेप धरून मोजणी केली. माझ्या नावापुढे ‘काळी, कसदार’ असं लिहिलं. माझं मलाच बरं वाटलं. मग यांच्याभोवती एक चक्कर मारली, पोटावर जरा टिचकी मारून पाहिलं आणि लिहिलं, ‘पडीक.’

‘पडीक कसा?’ हे खालून म्हणाले.

‘वापरात दिसत नाही,’ साहेब म्हणाले. मी मान वळवून भिंतीकडे पाहिलं, नाहीतर हसू फुटलं असतं. मग चतुःसीमा झाल्या. माझ्या पूर्वेला भास्करराव, पश्चिमेला रेकॉर्डचं कपाट. हद्दीबद्दल आमचा दोघांचा काही वाद आहे का, असं विचारलं. हे म्हणाले, ‘आहे, पण आज नको.’

सगळं तयार झालं. दगडूभाऊंनी मैनाला हाताला धरून आमच्यावर आणलं. आता फक्त तिने आमच्यावर पाय टेकवायचे, की ती खाली येणार. साहेब म्हणाले, ‘या खाली.’

मैना येईना.

‘काय झालं?’ मी विचारलं. खालून तिचा चेहरा मला नीट दिसत होता. ओठ घट्ट दाबलेले.

‘बाई, मी तुमच्यावर पाय नाही ठेवणार.’

‘अगं, जमीन आहे मी आता. मोजणीसुद्धा झाली.’

‘असू दे. तुम्ही बाई आहात.’ तिने पाय आणखी वर ओढले. ‘चुकून तुमच्या पिशवीला पाय लागला तरी मी हात लावून डोळ्याला लावते. आणि आता मुद्दाम ठेवू? नको मला कॉलेज. मी जाते अप्पांबरोबर शिवेबाहेर.’

साहेबांनी घड्याळात पाहिलं. मग नियमांचं पुस्तक चाळलं, पण त्यात याला उत्तर नव्हतं. पोरीला मीच असं वळण लावलं होतं. रागवावं तरी कुठल्या तोंडाने?

मला वाटलं, झालं. इथपर्यंत येऊन सगळं पाण्यात. मी म्हटलं, ‘मैना, माझं ऐक.’ पण पुढे काय सांगावं ते मला सुचेना.

दगडूभाऊ मात्र एक हात तिच्या हातात ठेवून खाली वाकले. ‘पोरी,’ ते म्हणाले, ‘तू ल्हान असताना आपण पाळणा लावायचो, तवा मी काय करायचो?’

‘खुंटे ठोकायचा.’

‘त्याच्या आदी?’

मैनाने खाली आमच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘जमिनीला हात लावून कपाळाला लावायचा.’

‘का लावायचो? आता हिच्यावर पाय देनार, हिच्यात खुंटा मारनार, म्हनून लावायचो. अगं, पाय लागत न्हाई अशी जिमीन घिऊन काय करायचंय? तू वर हायेस तवर बाईंचा अपमान हाये. एवढ्या आडव्या पडल्यात त्या, आन तू टेकंना.’

हे मला सुचायला हवं होतं. पण मी आडवी होते आणि आडवं असताना माणसाला कमी सुचतं, हे मी यांच्याकडे बघून ओळखायला हवं होतं.

मैना वाकली. बाप धरून होता म्हणून वर गेली नाही. तिने माझ्या खांद्याला हात लावला आणि कपाळाला लावला. मग यांच्या पोटाला हात लावला आणि कपाळाला लावला. यांना गुदगुल्या झाल्या, पण हलले नाहीत. त्याबद्दल मी त्यांना कायम मानेन.

मग तिने उजवा पाय माझ्या खांद्यावर ठेवला. आधी बोटं, मग टाच. डावा यांच्या पोटावर. आणि दगडूभाऊंचा हात सोडला.

पोरीला वजन होतं. चांगलं होतं. मला वाटलं होतं अधांतरी असल्यामुळे हलकीफुलकी असेल, पण छे. फिजिक्स, गणित, बापाच्या मोडक्या पाळण्याचे दांडे उचललेले हात, सगळं त्यात होतं. माझा खांदा दुखायला लागला आणि मी इतकी खूश होते की मला उठून सगळ्या कचेरीला सांगावंसं वाटलं, ही माझी विद्यार्थिनी. पण जमीन उठत नाही.

‘समतल नाही,’ साहेब आमच्याकडे वाकून बघत म्हणाले, ‘पण चालेल. आता पुढे या.’

मैना आमच्यावरून फरशीवर उतरली. एक पाऊल, मग दुसरं. पाय खालीच राहिले. ज्याला दोन पायांपुरती जमीन आहे तो रहिवासी, आणि रहिवाशाला बाकीची जमीन आपोआप धरते, हे त्याच नियमाच्या पोटात होतं. ती दारापर्यंत गेली, परत आली. चपला घालायची तिची सवय गेली होती, म्हणून अनवाणीच. मग साहेबांनी शिपायाला सांगितलं, ‘पंखा लावा.’

आमचा सातबारा तिथल्या तिथे निघाला. मालकाचं नाव: मैनावती दगडू पाळणे. मी कागद हातात घेऊन उभी राहिले. लग्नाआधी मी वडिलांच्या नावाने ओळखली गेले, मग यांच्या नावाने. शाळेच्या दाखल्यांवर मी हजारो मुलांची नावं लिहिली. आता मी मैनाच्या नावावर आहे, आणि शुद्धलेखन तपासलं, एकही चूक नाही.

पडताळणीला ती दोन्ही पायांवर उभी राहिली. त्यांनी तिला एका पायावरही उभं करून पाहिलं, म्हणे. तेही जमलं.

तेव्हापासून आम्ही जमीन आहोत. त्याने फार काही बदललं नाही. मी शिकवायला जाते, कारण नियमात जमीन राहावे असं आहे, पडून राहावे असं नाही. हे पडून राहतात, ते त्यांच्या आवडीने. गेल्या हंगामात यांच्या डाव्या खांद्यावर तूर उगवली. पडीक लिहिलं होतं तरी उगवली. आम्ही ती वाळवून वरण केलं आणि थोडी चिंचणीकर साहेबांकडे पाठवली.

परवा मैना सुट्टीला आली. दुसरं वर्ष झालं तिचं. बारावीचा निकाल तोंडावर आला आहे आणि यंदा पाच मुलं वर जातील, असं स्टाफरूममध्ये बोलतायत. मैनाने टेबलावर एक मोठा कागद पसरला. तिनेच काढलेला नकाशा होता. रेषा अशा स्वच्छ की मी चष्मा पुसून पाहिला. वर लिहिलं होतं, ‘रणपिसे दांपत्य, आराखडा.’ दांपत्यातला काना जागेवर होता. मालकाच्या संमतीने जमिनीचे भाग पाडता येतात, तिने चौकशी केली होती. माझ्या हातांवर दोघं, गुडघ्यांपाशी एक. यांच्या पोटावर दोघं, कारण तिथे जागा जास्त आहे. प्रत्येकाला दोन पाय ठेवण्यापुरती जागा, मध्ये जाण्यायेण्याची वाट.

‘दगडूभाऊंचं काय केलंस?’ मी विचारलं.

‘अप्पा माझ्या जमिनीवर आहेत. त्यांचा अर्ज वेगळा दिलाय, म्हणून इथे नाव नाही.’

मी नकाशा बारकाईने बघत होते. सवयच ती. माझ्या उजव्या खांद्याचा चौकोन कोरा होता. त्यात ना कोणाचं नाव, ना आकडा.

‘हे राहिलंय की गं,’ मी म्हटलं. ‘इथे अजून एक मूल आरामात बसेल.’

‘ते कोणाला द्यायचं नाही, बाई,’ मैना म्हणाली. ‘तिथं मी उभी आहे.’

मी नकाशाची गुंडाळी केली. जमिनीची सही लागत नाही, म्हणून मी सही केली नाही. आतल्या खोलीत जाऊन यांना म्हटलं, ‘जरा सरळ व्हा, मुलं यायची आहेत.’